सरकारच्या वतीने पोच

फोन आला तेव्हा मी दुपारच्या अर्धवट झोपेत होतो. अंबाजोगाईत उन्हाळ्याच्या तोंडाशी दुपारी जाग आणि झोप यांच्यामध्ये एक पातळ पडदा तेवढा असतो, आणि आपण त्याच्या कोणत्या बाजूला आहोत हे चटकन कळत नाही. पलीकडून लिंबाजी तात्यांची मुलगी म्हणाली, "काका, तात्या गेले. सकाळी उठलेच न्हाईत." मी तिला म्हणालो, "अगं, पण आज बाजार आहे ना?" जणू बाजाराच्या दिवशी मरायची तात्यांना मुभा नव्हती. तिच्या मागे कुणीतरी रडल्याचा आवाज आला आणि पडदा फाटला.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. तरी डोळा लागला की मला तात्यांच्या गावचा, घाटनांदूरचा बाजार दिसतो. मात्र माणसं नसलेला. पांढरं ऊन, लांबून येणारी रेल्वेची शिटी, आणि मैदानाच्या मधोमध घडीचं लोखंडी टेबल घेऊन बसलेले तात्या.

ते कपडे शिवायचे. बाजाराच्या दिवशी मात्र मशीन झाकून ठेवायचे आणि हे टेबल घेऊन बांगडीवाली आणि दोरखंडवाला यांच्या मधे बसायचे, सरकारची बाजू मांडायला. सरकारनं त्यांना असं काही सांगितलेलं नव्हतं. लिंबाजी नावाचा कुणी आपली बाजू मांडतो आहे, हे सरकारला शेवटपर्यंत कळलं असेल असंही मला वाटत नाही. राज्यात तेव्हा त्यांच्या पक्षाचं आघाडी सरकार होतं. गरिबांचं नाव घेणारं, डावीकडे जरा झुकलेलं आणि रोज थोडं थोडं कोसळणारं. लोक येत, रेशन नाही, पगार नाही, विम्याचा पत्ता नाही म्हणून तात्यांना शिव्या देत. तात्या ऐकून घेत, अर्ज लिहून देत, त्याची नक्कल करत आणि नकलेखाली आपल्या वळणदार अक्षरात लिहीत : "अर्ज मिळाला. सरकारच्या वतीने पोच. लिंबाजी, कार्यकर्ता." मग सही आणि तारीख. दुसऱ्या दिवशी मूळ अर्ज घेऊन ते तहसिलीची पायरी चढत.

या पोचेला कायद्यात कवडीची किंमत नव्हती. लोक मात्र ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डाशेजारी ठेवत. एकदा तहसिलीतल्या एका नव्या कारकुनाने तात्यांची पोच खरी समजून फाइलला लावली आणि तिला आवक क्रमांकही दिला. तो सगळा दिवस तात्या दोन बोटं उंच झाल्यासारखे चालत होते.

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. जगातल्या क्रांत्यांचा शेवट कसा झाला हे मी कपाटानुसार सांगू शकत असे, म्हणून कुठल्याच पक्षात गेलो नाही. माझी तात्यांशी मैत्री कशी जमली हे मलाही नीट आठवत नाही. बहुतेक शर्टाच्या मापावरून. मी बाजाराला घाटनांदूरला गेलो की संध्याकाळी आम्ही रुळाच्या कडेने फिरायला जायचो. तिथे तात्या पक्षाबद्दल जे बोलत, ते विरोधकांना छापून वाटता आलं असतं. वीस वर्षं ज्यांनी सतरंज्या उचलल्या त्यांना उमेदवारी नाही, पुढाऱ्यांच्या पोरांना पाळण्यातच. मोठ्या नेत्याचा वाढदिवस असला की गावात पाणी नसलं तरी फलक असतो. "पक्ष कवाच मेला, सर. आमी मयताला बसलोय."

"मग उठा की."

"उठून जावं कुठं? पक्ष आन सरकार येगळं हाय. हे सरकार लई लेचंपेचं हाय, पर ह्याला लाज आणता येती. तोंडावर बोललं तर खाली बघतं. ज्याला लाज आणता येती, ते आपलं."

राज्यशास्त्राची बरीच पुस्तकं मी नोंदवून कपाटात लावली आहेत. सरकार ओळखायची इतकी सोपी खूण एकाही पुस्तकात आढळली नाही.

तात्यांच्या वस्तीपर्यंत नळ पोचलेला नव्हता. पाइप शाळेपर्यंत आले होते आणि तिथून पुढे, जिथे बौद्ध वस्ती सुरू होते, तिथे जमीन एकाएकी खडकाळ झाल्याचा अहवाल आला होता. बायका डोक्यावर घागरी घेऊन शाळेच्या नळावर येत. त्यांतल्या गयाबाई नात्याने तात्यांच्या भावजय. त्यामुळे शिव्या द्यायचा त्यांना दुहेरी हक्क होता. त्यांनी नळाचा अर्ज दिला. तात्यांनी पोच दिली, आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. खाली एक ओळ जास्त लिहिली : "पुढच्या उन्हाळ्याआधी नळ येईल."

उन्हाळा आला, पण सरकारच डळमळायला लागलं. टीव्हीवर रोज आमदारांची मोजदाद चाले. आमच्या भागातले पुढारी, ज्यांना सगळे बापूसाहेब म्हणत, ते एका सकाळी पलीकडच्या पक्षात गेले. जाताना कार्यालय, पाटी, खुर्च्या सगळं घेऊन गेले. तात्या एवढंच म्हणाले, "सतरंज्या तरी ठेवायच्या. त्या आमी उचलल्या व्हत्या."

पुढच्या बाजाराला बापूसाहेबांची गाडी टेबलासमोर थांबली. मी तिथेच होतो. त्यांनी काच खाली केली. "लिंबाजी, कामून उन्हात बसला रे? चल माझ्यासंगं. तुझ्या वस्तीचा पाइप आठ दिवसात टाकतो. नुसता गळ्यात नव्या पक्षाचा गमचा घाल आन फोटोला उभा राहा."

तात्या उठून उभे राहिले, कारण पुढाऱ्यासमोर बसायची सवय नव्हती. पण म्हणाले, "न्हाई जमायचं, बापूसायेब."

गाडी धूळ उडवून गेली. त्या धुळीतून गयाबाई पुढे आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"जावा की भावजी! घालावा की गमचा! मुंडकं जाणार हाय का तुमचं?"

"वैनी, मी..."

"तुमच्या त्या सरकारला वैनी म्हना. माझी मान बघा, मान! धा वर्सं घागरीनं आखडलीया. तुमच्या निष्ठंनं घागर भरत न्हाई." आणि त्यांनी ती पोच टेबलावर ठेवली. फाडली नाही, चुरगळली नाही. व्यवस्थित घडी घालून ठेवली... फाडली असती तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी रुळाच्या कडेने चालताना मीही तेच म्हणालो. "तात्या, बाईला पाणी पाहिजे. तुमची निष्ठा तिने मागितलेली नाही." आज लिहिताना वाटतं, मी इतकं नेमकं बोलायला नको होतं. लिंबाच्या मोहराचा वास येत होता आणि सिग्नलचा लाल दिवा उजेडातच लागला होता. तात्या म्हणाले, "तिचं खरं हाय. तुमचंबी खरं हाय. पर मी गमचा घातला की उद्या माझ्याम्होरं शिव्या द्यायला कोन येईल? म्हंतील, ह्याला लाजच न्हाई."

दोन दिवसांनी ते बापूसाहेबांच्या बंगल्यावर गेले. आत नाही, बाहेरच्या रांगेत. ज्या माणसाच्या सभेच्या सतरंज्या त्यांनी उचलल्या, त्याच्या ओसरीवर ते गयाबाईंचा अर्ज घेऊन चार तास उभे राहिले. हे मला नंतर त्यांच्या मुलीने सांगितलं. बापूसाहेब हसले. "आला ना शेवटी! आणा रे गमचा."

"गमचा नको. अर्ज हाय. पोच द्या."

"मी काय कारकून हाय?"

"मीबी नव्हतो," तात्या म्हणाले.

पोच मिळाली. पुढच्याच आठवड्यात सरकार पडलं. त्या दिवशी तात्यांनी मशीन झाकलं नाही, टेबलही काढलं नाही. कुणाचा तरी लेंगा शिवत बसले. नळ आला तो वर्षभराने, बापूसाहेबांच्या हस्ते, नारळ फोडून. तात्या गर्दीत शेवटी उभे होते. गयाबाईंनी पहिली घागर भरली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "भावजी, हे पानी तुमच्या सरकारचं न्हाई बरं का."

"न्हाई," तात्या म्हणाले. "गोड हाय का बघा."

पुढच्या बाजारापासून ते पुन्हा टेबलावर बसू लागले. आता सरकार त्यांचं नव्हतं. तरी अर्ज येत, शिव्याही येत. पोचेवर "सरकारच्या वतीने" हे शब्द त्यांनी तसेच ठेवले. कोणत्या, ते मी विचारलं नाही.

तात्या गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, म्हणजे शोकसभेला, दोन्ही पक्षांचे फलक होते. दोन्हींवर तात्या एका कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढे. बापूसाहेबांनी त्यांना "निष्ठेचा महामेरू" म्हटलं. तात्यांच्या जुन्या पक्षाने "दीपस्तंभ". कपडे शिवायचे, हे कुणीच सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात मी बाजाराला गेलो. घाटनांदूरच्या बाजारात वीतभर जागेवरून डोकी फुटतात. पण बांगडीवाली आणि दोरखंडवाला यांच्या मधली चार हात जागा रिकामी होती. तिथे कुणी कोथिंबिरीची जुडीसुद्धा ठेवली नव्हती. मी तिथे उगाच थांबलो. उन्हामुळे सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं हलत होतं. त्यातून गयाबाई आल्या आणि त्या रिकाम्या जागेसमोर, आपल्या नेहमीच्या अंतरावर, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"चार दिस झाले, नळाला पानी न्हाई," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "लिवून घ्या, सर."

मी म्हणालो, "गयाबाई, मी काही सरकार नाही."

"मग ते तरी कुठं व्हते?" त्या म्हणाल्या, आणि मी कागद काढेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.