वालधुनीची एक ओळ

देवाने माणसं घडवताना काळजी सगळ्यांना चिमूट चिमूट वाटली आणि उरलेलं आख्खं पातेलं माझ्या मावशीच्या यजमानांच्या डोक्यावर पालथं केलं, अशी माझी पक्की समजूत आहे. मी त्यांना काका म्हणते. ते अंबरनाथ पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर राहतात. घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघायचं, जिना उतरल्यावर गॅस राहिला का म्हणून परत वर जायचं, आणि तो बंद दिसला की 'बंद दिसतोय खरा, पण आतून सुटत नसेल कशावरून' म्हणत पाच मिनिटं वास घेत उभं राहायचं, हा त्यांचा साधा भाजी आणायला जाण्याचा कार्यक्रम. मी बदलापूरला राहते, म्हणजे हाकेच्या अंतरावर. तरी पोचल्याचा फोन करायला मी विसरले की काका मावशीला विचारतात, "अगं, पोलिसात आपल्या ओळखीचं कुणी आहे का?"

पाण्याचं तर विचारूच नका. पेला हातात आला की आधी उजेडाकडे धरायचा, मग जरासा हलवायचा, मग नाकाशी न्यायचा, आणि पाणी देणाऱ्याचा चेहरा पुरता उतरल्यावर एक घोट घ्यायचा. माझ्या लग्नात गुरुजींनी तळहातावर तीर्थ घातलं, तेही त्यांनी हुंगलं. गुरुजी जरा दुखावून म्हणाले, "गंगेचं आहे हो." काका म्हणाले, "म्हणूनच." त्यांची सगळी नोकरी एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. मावशी म्हणते, "माणूस रिटायर झाला, नाक अजून ड्युटीवर आहे."

अशा माणसाच्या हातात एका सकाळी पेपर पडला आणि त्यात बातमी होती की सरकार राज्याला अधिकृत राज्यगीत ठरवणार. वाचून लोकांनी पान उलटलं. काकांना मात्र घाम फुटला. दहा मिनिटांत मला फोन. "राज्याचं गाणं म्हणजे नद्या येणार. नद्या आल्या की मोठ्या मोठ्या येणार. आपल्या वालधुनीचं काय?" वालधुनी म्हणजे अंबरनाथच्या डोंगरात उगम पावून काकांच्या गावातून, मग उल्हासनगर, विठ्ठलवाडी करत खाली जाणारी नदी. नदी असं मी म्हणतेय, कारण काकांचा धाक आहे. बाकी सारं गाव तिला नाला म्हणतं. तिच्या पुलावर आलं की रिक्षावालासुद्धा बोलता बोलता तोंड मिटून घेतो. काकांचं म्हणणं एवढंच होतं, की राज्यगीतात एक ओळ, अर्धी ओळ तरी तिच्यावर आली, तर पुन्हा तिला नाला म्हणायला कुणाची जीभ धजणार नाही. शाळेतली पोरं तिचं नाव रोज उभं राहून घेतील. मावशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, त्या गाण्यात आख्खं अंबरनाथ यायची मारामार, तुमच्या नाल्याला कोण पुसतंय?" त्या दिवशी काका जेवले नाहीत.

मी समजावलं की काका, नवं गाणं लिहायचं नाहीये, लोकांच्या तोंडी असलेलंच एखादं निवडायचंय. ते म्हणाले, "मग निवडू देत की. खाली शुद्धिपत्रक जोडता येईल." आणि ती ओळ रचायला बसले. आठवडाभर खपून त्यांनी जे लिहिलं त्यात वालधुनी 'रंगहीन, गंधहीन, पारदर्शक' होती. मी म्हटलं, हे गाणं आहे की रिपोर्ट? त्यांनी कागद मुकाट्याने फाडला. मग ठरलं, की ओळ सरकारच्या कवींनी लिहावी, आपण नुसता अर्ज करायचा, खाली काठच्या लोकांच्या सह्या घेऊन.

सह्यांसाठी मला बरोबर नेलं. विठ्ठलवाडीच्या चाळींतून फिरताना काका प्रत्येक दारात आधी माफी मागायचे, मग विषय काढायचे, त्यामुळे निम्म्या लोकांना आम्ही कर्ज बुडवलेल्या कुणाचे नातेवाईक वाटलो. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये त्यांच्या ओळखीचे एक सिंधी व्यापारी आहेत. त्यांनी रिवाजाप्रमाणे आधी पापड आणि पाणी समोर ठेवलं. काकांनी पेला उजेडाकडे धरला, मी डोळे मिटून घेतले. व्यापाऱ्यांनी अर्ज वाचला आणि हसू दाबत म्हणाले, "काका, गाने में डालना है? मग नाक पे रुमाल रखके गायचं का आपण?" काकांचा चेहरा इतका पडला, की त्या भल्या माणसाने घाईघाईने सही केली आणि दुकानातल्या चौघांनाही करायला लावली. "साईं, माझा बाप सांगायचा, फाळणीनंतर कॅम्पात नवीन आले तेव्हा ह्याच नदीत कपडे धूत होते. लिखो, जरूर लिखो."

परत येताना रिक्षात मी कागद चाळले. सह्या चिक्कार होत्या. फक्त सगळ्यात वरची, अर्जदाराची जागा कोरी होती. "काका, तुमचीच राहिली." "करतो, शेवटी करतो," ते म्हणाले आणि बाहेर बघत बसले. मला वाटलं, वर नाव घालायला भीत असतील, उद्या कुणी चौकशीला आलं तर म्हणून. त्यानंतर दर दोन दिवसांनी मी विचारत होते, अर्ज पाठवला का? कधी लिफाफा लहान, कधी पत्ता नीट नाही, कधी पोस्टात गर्दी. आणि एक दिवस टीव्हीवर जाहीर झालं, राज्यगीत ठरलंसुद्धा. गाणं लागलं तेव्हा काका खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले, मावशी लाटणं हातात घेऊन उभी राहिली. गाणं चांगलंच होतं, माझाही ऊर भरून आला. मोठमोठ्या नद्या होत्या त्यात. वालधुनी नव्हती.

अर्ज त्यांच्या कपाटातच होता. मावशी चिडली. "सगळ्या गावाच्या सह्या आणल्यात, एक स्वतःची करवली नाही?"  काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "रोज एक बाटली यायची टेबलावर. कारखान्यातून नदीत सोडायच्या पाण्याची. रंग दिसायचा, वास यायचा. वरून फोन यायचा, साहेबांना घाई आहे. मी 'योग्य' लिहायचो आणि खाली सही करायचो. तीच सही आता त्याच नदीच्या अर्जावर कशी करू?" मावशीने अर्जाची घडी नीट केली आणि तो परत कपाटात ठेवला. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही खरं सांगते. इतकी वर्षं मी त्यांच्या पेला हुंगण्याला हसत होते.

स्टेशनबाहेर पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं विकायला एक म्हातारी येते, वालधुनीच्या उगमाजवळच्या पाड्यावरची. शेवळं म्हणजे रानातली भाजी, नीट शिजवली नाही तर घशाला खाज सुटते, त्यामुळे काका तिच्याशी तासभर बोलल्याशिवाय जुडी घेत नाहीत. त्यांनी तिला राज्यगीताचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमची नदी चांगली हाय, बाबा. खाली तुमी तिचं काय करता ते तुमालाच ठावं. आन गाणं तर हाय ना तिचं. भाताच्या लावणीला म्हणतो आमी." काका म्हणाले, "कुठे आहे?" ती म्हणाली, "या की वरती, लावणीच्या टायमाला."

गेलो. चढताना काकांनी विंचू, साप, वीज आणि माझा गुडघा या चौघांचीही काळजी केली. वर खडकांतून पाणी येत होतं, घोट्याएवढं, खालचा गोटा न् गोटा दिसत होता. चिखलात भात लावणाऱ्या बायकांत म्हातारी होती. आम्हाला बघून तिने वाकल्या वाकल्याच सूर लावला, बाकीच्यांनी धरला:

वालधुनी बाय गेली सासरला,
बापूस डोंगर बसला वाटंला.

एवढंच, पुन्हा पुन्हा. काका डोंगराकडे बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "सासर म्हणजे आपणच की गं."  त्यांनी पिशवीतून अर्ज काढला, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला, आणि माझ्याकडे पेन मागितलं. मी म्हटलं, "काका, आता काय उपयोग? गाणं ठरलंय." ते म्हणाले, "उपयोग नाही. राहिली होती." खडकावर कागद ठेवून त्यांनी वरच्या कोऱ्या जागी सही केली. खडक खडबडीत होता, त्यामुळे ती त्यांच्या सहीसारखी दिसतच नव्हती.

मग पाण्यापाशी बसून त्यांनी ओंजळ भरली. सवयीने उजेडाकडे धरली, नाकाशी नेली. कितीतरी वेळ तशीच धरली. बोटांमधून सगळं पाणी गळून गेलं तरी हात तसेच नाकाशी होते. मी खांद्यावर हात ठेवला तेव्हा म्हणाले, "कसलाच वास नाही गं हिला."