बरणीवरची डावी गाठ

माह्या लोणच्याच्या बरणीले कोणी हात लावला? ग्रुपातल्या सगळ्यांनी हे आधी सांगा, नमस्कार मंग करीन.

उद्या घर बदलाचं आहे. कपबशा मी सकाळीच पेपरात गुंडाळून खोक्यात उभ्या लावल्या. चिनीमातीची बरणी तेवढी ओट्यावर ठेवली, मांडीवर घेऊन जाणार होती. मंग कुलूप लावून शेजारी गेली. किल्ली माह्या कमरेले.

परत आली तं बरणी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, वरून सुतानं आवळलेली!

सुनेले ऑफिसात फोन केला. म्हणे, "आई, तुम्हीच बांधून विसरल्या असान."

मले येते का वं तशी गाठ? मागावर तुटलेलं सूत जोडाची गाठ आहे, अन् डाव्या हातानं मारलेली. घरात डावखुरा विणकर एकच होता, माहा बुढा. त्याले जाऊन पाच वर्षं झाले. जिवंतपणी चहाचा कप उचलला नाई त्यानं!

गाठ मी सोडली नाई.

अवो, तुमचा नंबर अजून या ग्रुपातून कोणी काढला नाई. सोबत येऊन राहिले का मले वाटे लावून राहिले, उद्या टेम्पो यायच्या आधी तुम्हीच सांगा. बाकीच्यांनी गप्प बसा.