तात्यांचे ओले तळहात

वडिलांच्या तोंडावर मोत्यासारखे दाणे यायचे. ते फुटायचे, खपली धरायची, पण जखम भरायची नाही. नाकाची एक कड अशीच झडून गेली होती. शाहूवाडीकडच्या आमच्या गावात थोरल्या तात्यांनी, म्हणजे वडिलांच्या सख्ख्या भावानेच, हा महारोग आहे असं ठरवून टाकलं. तेव्हापासून शेतावर सगळे एकत्र जेवायचे आणि वडील बांधाच्या दुसऱ्या टोकाला एकटे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कोल्हापुरात दुसऱ्या वर्षाला असताना माझ्याही पापणीखाली तसाच दाणा उठला. मग मात्र धीर करून वडिलांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखमेच्या कडेला सुई टोचली.

"आयाया! डागदर हाय का खाटीक?" वडील ओरडले.

डॉक्टर हसले. "महारोग असता तर सुई टोचलेली कळलीही नसती. हा कातडीचा कॅन्सर आहे. लागट नाही. घराण्यातच असावा." त्यांनी आम्हा दोघांचे तळहात ओले करून भिंगातून पाहिले. दोघांच्याही हातांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. ही या रोगाची घराण्यातली खूण, हात भिजले की उठून दिसते, असं ते म्हणाले. दाणे कापून काढले, पण नवे येत राहतील, असंही त्यांनी सांगितलं.

भाताच्या लावणीला गावी गेलो, तेव्हा हे सगळं मी तात्यांना सांगू लागलो. अडखळतच सांगत होतो.

"चार बुकं वाचली आन् आमास्नी शिकवाय लागला! बस जा बापासंगं."

दुपारी सगळे चिखलातून वर आले. तात्या ओढ्यात हात धूत होते. सकाळपासून भिजून पांढरे पडलेले ते तळहात मला दिसले. मी त्यांचं मनगट धरलं, हात सगळ्यांसमोर उताणा केला आणि शेजारी माझा धरला. तेच खड्डे.

"व्हय की! एकच हाय!" शेजारीण म्हणाली. भाकऱ्यांची बुट्टी उचलून ती मागे सरली. "तात्या, तुमी बी तिकडंच बसा."

तात्यांचा चेहरा पार उतरला. "आरं, डागदर लागट न्हाय म्हनला न्हवं? सांग की ह्यास्नी!"

वडीलही जवळ येऊन हळूच म्हणाले, "सांग, बाळा."

सांगणं काही अवघड नव्हतं. मी वडिलांच्या फडक्यातली भाकरी मोडली, खर्डा लावला आणि खाली मान घालून खात राहिलो. खरं लिहायचं तर, इतकी गोड भाकरी मी त्याआधी कधी खाल्ली नव्हती.