वर कोण हाय का?

आधीच सांगते, या ग्रुपवर मी कित्येक वर्षं फक्त वाचायला येते, तेही बऱ्याचदा हसायला. आडवाटेवरची बाई, उलटे पाय, पिंपळ... वाचायचं आणि निवांत झोपायचं. भुताखेतांची भीती मला कधी वाटलीच नाही. मला भीती वाटते ती माणसांची — आणि हा विनोद नाही.

किराणा दुकानात चार माणसं उभी दिसली की मी साखर न घेता परत यायचे. फोन वाजला की तो बंद होईपर्यंत बघत बसायचे आणि मग 'सॉरी, सायलेंटवर होता' असा मेसेज टाकायचे. बी.कॉम. झाल्यावर दोन इंटरव्ह्यूंना निघाले आणि दोन्ही वेळा धाराशिवच्या स्टँडवरूनच पुढच्या गाडीनं येडशीला परत आले. याला सोशल अँक्झायटी म्हणतात हे मला मोबाईलवर कळलं. घरात त्याला लाजाळू म्हणायचे आणि पाहुण्यांत शिष्ट.

शेवटी पप्पांनीच धाराशिवात ओळखीच्या एका साडीच्या दुकानात शब्द टाकला. पहिल्या दिवशी मला गाडीत बसवताना म्हणाले, "टिकून दाखव, आश्विनी. घरात बसून बसून भिताडावानी व्हायलीस तू." राग आला, पण बोलले ते खोटं नव्हतं. ही नोकरी सुटली असती तर मी पुन्हा कधी उंबऱ्याबाहेर पडले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुकान अरुंद आणि लांबच लांब. पुढे साड्या दाखवायच्या गाद्या, मागे फॉल-पिकोचं मशीन आणि त्या मशीनच्या वर लाकडी फळ्यांचा माळा. त्यावर थेट पत्रा, खिडकी नाही. माळ्याच्या चौकोनी तोंडाला झडप आहे, तिची कडी खालच्या बाजूनं. चढायला लोखंडी शिडी, पण ती मशीनच्या वाटेत येते म्हणून काढून भिंतीला लावतात. त्यामुळे नियम असा, की चढताना "वर चालले!" म्हणून ओरडायचं आणि उतरताना "शिडी!" म्हणून. दुकान बंद करताना मालक, म्हणजे अप्पा, मान वर करून विचारतात, "वर कोण हाय का?" उत्तर आलं नाही की झडप बंद, कडी, शटर.

मी अर्थातच ओरडायचे नाही! भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर? सुमनमावशी नावाच्या तिथल्या जुन्या सेल्सवुमन मला गुपचूप चढताना बघायच्या आणि शिडी तशीच ठेवायच्या. माझं निभावत होतं ते त्यांच्यामुळे.

पहिल्याच दिवशी एका बाईंनी विचारलं, "ह्यात मोरपंखी हाय का गं?" आणि मी नुसती साडीच्या काठाकडे बघत राहिले. अप्पांनी बघितलं आणि मला वर पाठवलं, विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालायला. वर एक मुलगी आधीच बसलेली होती. माझ्याच वयाची, ओठ चावून चावून सोललेले... माझेही असतात. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

"खाली लई माणसं हायती का?" तिनं विचारलं.

"हो."

"मग बस की."

मी बसले. ती नाव-गाव विचारत नव्हती, मीही विचारलं नाही. तिचा ढीग वेगळा, माझा वेगळा. मग हे रोजचंच झालं. खाली गर्दी वाढली की मी वर. ती खाली कधी दिसत नसे, पण मला वाटायचं, माझ्या आधी येत असेल, माझ्या नंतर जात असेल. उलट बरंच होतं, स्टँडपर्यंत गप्पा मारत जायला नको. अप्पा कौतुकानं म्हणायचे, "ही पोरगी दोघींचं काम एकटी करती!" तिचं श्रेय मला मिळतंय हे कळत होतं, पण सांगायचं तर बोलावं लागणार होतं, म्हणून गप्प बसले.

मे महिन्यातली गोष्ट. अप्पांच्या पुतणीचं सोलापूरला लग्न होतं, त्यामुळे त्या दिवशी दुकान दुपारीच बंद होणार आणि पुढचे दोन दिवस सुट्टी. सुमनमावशी आल्याच नव्हत्या. खाली एका लग्नाचा बस्ता चालला होता, गादीवर पंधरा-वीस बायका. मी वर होते, आणि माझा मोबाईल खाली पर्समध्ये, खुंटीला. पत्रा इतका तापलेला की घाम डोळ्यात उतरत होता.

अप्पांचा आवाज आला, "वर कोण हाय का?"

नुसतं 'हाय' म्हणायचं होतं. पण म्हटलं की त्या सगळ्या बायका वर बघणार. मी मनात वाक्य जुळवायला लागले. 'अप्पा, मी आहे, शिडी लावा'... लावा कसं म्हणायचं, हुकूम सोडल्यासारखं वाटेल... 'लावाल का'... तोवर खालून कुणीतरी म्हणालं, "ती येडशीची पोरगी गेली आसंल. सांगून कधी जातीय ती?"

पिकोवाला शिडीवर चढला आणि त्यानं झडप लावली. तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. फळीपलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता... आणि मी तोंड उघडं ठेवून बसलेली. कडी बसली, शिडी ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं बस्त्याच्या बायका बोलत बोलत बाहेर पडल्या. मेन स्विच बंद झाला आणि माळ्यावर काळोख पसरला.

"मग बस की," ती म्हणाली.

मी तिला पहिल्यांदाच आपणहून काही विचारलं, "आता खाली कसं जायचं? तू रोज कशी उतरतेस?"

अंधारातसुद्धा तिच्या हातातल्या साडीची सळसळ चालूच होती. "म्या न्हाय उतरत."

"म्हणजे?"

"म्याबी आवाज दिला न्हवता."

त्यात दुःख नव्हतं, तक्रारही नव्हती. मग तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. खळ घातलेल्या कोऱ्या साडीसारखा कडक हात. "सवय हुती गं. कोण बघत न्हाय, कोण काय इचारत न्हाय."

इथे कुणाला खोटं वाटेल, पण मी घाबरायच्या आधी क्षणभर मला ते आवडलं होतं. खरंच. कोण बघत नाही, कोण विचारत नाही... मी देवाकडे दुसरं काय मागत होते आजवर? ती सरकून माझ्या शेजारी आली, मला जागा करून देतात तशी. आणि मला श्वास घेता येईना.

तेवढ्यात शटर खडखडलं. त्या आवाजाबरोबर मला पप्पा दिसले, रोजच्यासारखे येडशीला गाडीतून उतरणारी माणसं मोजत उभे. मी नाही दिसले की ते पुढच्या गाडीची वाट बघणार, मग त्याच्या पुढच्या. मी दोन्ही मुठींनी फळ्या बडवल्या आणि किंचाळले, "अप्पाऽऽ! मी आश्विनी! मी हाय वर!"

शटर थांबलं. खाली पळापळ झाली. माझ्या मागून अगदी कानाशी आवाज आला, "माझंबी सांग की."

मी परत तोंड उघडलं, आणि काय सांगू? इतके दिवस मांडीला मांडी लावून बसलो होतो.

"नाव काय तुझं?"

साडीची सळसळ पहिल्यांदाच थांबली. मग ती म्हणाली, "...आठवंना."

झडप उघडली, उजेड आला. वर मी एकटीच होते. माझ्यासमोर घड्यांचे दोन ढीग होते. एक माझा, वाकडातिकडा. दुसरा काठाला काठ लावलेला.

अप्पांनी पाणी पाजलं आणि मग रडकुंडीला येऊन झापलं, "आगं, वरडायला काय झालं हुतं तुला? दोन दिवस वर राहिली आसतीस तर तुझ्या बापाला काय सांगितलं आसतं म्या?" नंतर मी धीर करून सुमनमावशींना विचारलं. त्यांनी शपथेवर सांगितलं की दुकानात असलं काही कधी घडलेलं नाही, कुणी मुलगी गेलेली नाही. मग हा आवाज द्यायचा नियम कशासाठी? "त्यो पहिल्यापास्नं हाय," एवढंच म्हणाल्या.

पप्पा म्हणतात, उन्हाचा भास. माझी मावसबहीण म्हणते, तुझ्याच मनानं तुला मैत्रीण करून दिली. मलाही ते पटतं... दिवसा तरी. पण त्यानंतर माझ्या घड्या निम्म्यावर आल्या आणि अप्पा "आळशी झालीस" म्हणून टोमणे मारायला लागले, याचं काय करायचं?

नोकरी टिकली. आता मी बस्तेसुद्धा करते. तळहाताला घाम येतो, तो ओढणीला पुसते आणि बोलते. हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे पूजा. पंधरवड्यापूर्वी तामलवाडीची ही नवी मुलगी लागली. मान खाली, आवाज नाही. काल भर दुपारी, दुकान गच्च भरलेलं असताना, अप्पा गल्ल्यावरून कौतुकानं म्हणाले, "पूजा दोघींचं काम एकटी करती बघ."

माझ्या हातातली पैठणी तशीच गादीवर पडली. गिऱ्हाईक बघतच राहिलं. मी मागे धावले, शिडी लावली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "पूजाऽऽ! ओ दे!"

वरून 'ओ' आली. एक नाही, दोन. एक पूजाची, आणि तिच्या मागोमाग दुसरी.

पूजा उतरली, घामानं निथळत. अख्खं दुकान आमच्याकडे बघत होतं. पिकोवाला शिडी काढायला पुढे आला, आणि अप्पा ओरडले, "आली की ती! काढ आता."

मी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"थांबा जरा, अप्पा," मी म्हटलं. "आजून एक जण यायचीय."