फिल्म शिल्लक नाही

"पाटी बाहेर ठेवा मावशी. वास मारतो. इथे पेशंट बसतात."

काउंटरवरची बाई हे बोलली तेव्हा पेशंट माझ्या शेजारीच होता. माझा नवरा. स्ट्रेचरवर. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात मेल्यासारखा लोंबणारा. मी पदराने त्याची लाळ पुसत होते. तो तिच्या पेशंटांत धरलेला नव्हता. मी मासळीची पाटी बाहेर ठेवली.

सकाळी कोपरीच्या खाडीवर जाळं सांधता सांधता तो कलंडला होता. मी बाजारात बसलेली. दीर बोलवायला धावत आला, तशीच पाटी डोक्यावर घेऊन त्याच्यासोबत सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, पण नीट समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, "मेंदूत एक तर रक्ताची गाठ अडकली आहे, नाही तर आत रक्तस्राव झाला आहे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. गाठीचं औषध रक्तस्रावाला दिलं तर माणूस जाईल. डोक्याचा फोटो आल्याशिवाय मी हात लावू शकत नाही. मशीन आमच्याकडे नाही. लवकर जा."

मशीन कोणाकडे ते ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला. त्या डॉक्टरसाहेबांच्या घरी मी वर्षानुवर्षं मासळी घालत होते. त्यांच्या मुलीच्या बारशाला मला बोलावणं होतं. "मावशी, तुम्ही काय, घरच्याच," असं म्हणायचे. मला ते खरं वाटायचं. का वाटू नये?

साहेब बाहेर आले. स्ट्रेचरकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"फोटोच्या फिल्म संपल्यात हो. परदेशातून येतात. मुंबईतसुद्धा मिळत नाहीत. परवा वगैरे चौकशी करा."

माझ्या दिराच्या हातात पैसे होते. पण फिल्मच नाही तर पैसे काय चाटायचे? टंचाई खोटी नव्हती, हे मला पुढे कळलं. तिचा मला रागही नाही. खाडीलाही भाकड दिवस असतातच की. डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं याचा विचार करत मी तिथेच बसून राहिले.

तेवढ्यात मोटार थांबली. माजिवड्याला इमारती बांधणारा कोणी होता, सोबत त्याची आई. बाई आपल्या पायांनी चालत आल्या. "हल्ली डोकं जरा जड होतं," असं काउंटरवर हसत सांगितलं आणि तडक आत गेल्या. थोड्या वेळाने मुलगा मोठं पाकीट घेऊन बाहेर आला. त्यातली काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बघू लागला. डोक्याचे फोटो, ओळीने. माझ्या नवऱ्याच्या घशात घरघर चालली होती.

मला कोणी समजावून सांगायला नको होतं. सुरमई कमी आली की आम्हीही "संपली" म्हणतो आणि चांगला नग ओल्या गोणपाटाखाली सरकवतो. नेहमीच्या माणसासाठी. डॉक्टरसाहेबांसाठी मी कितीदा सरकवला असेल! संपली म्हणजे तुझ्यापुरती संपली. मी त्यांच्या माणसांत होते, ही फक्त माझी समजूत होती. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे गरज समोर आडवी पडलेली आणि वैद्यच मला मेला.

मी बाहेर गेले. पाटी उचलली, आत आणली आणि मशीनच्या खोलीच्या उंबऱ्यात ठेवली. पाटीशेजारी मी बसले.

"फिल्म हाय ना सायेब? मंग आदी माझ्या मानसाची काढा."

"त्या राखून ठेवलेल्या आहेत. आणि तुम्हाला फिल्म काय कळणार? घरी भिंतीला लावणार आहात का?"

हे मला "घरच्याच" म्हणणारे साहेब बोलले. चारचौघांत.

"मना नाय कलत. डॉक्टरीणबाईला कलते. ती वाट बघते तिकडं. मी इथून उठनार नाय."

मी उठले नाही. मोटारवाला नाकाला रुमाल लावून आईला घेऊन निघून गेला. पुढचे पेशंट ओरडू लागले. शेवटी फिल्म निघाली.

गाठ होती. औषध सुरू झालं तेव्हा दिवेलागण झाली होती.

नवरा जगला. बोलणं गेलं ते गेलंच. घशातून एकच आवाज निघतो: भूक लागली तरी तोच, मुलीला हाक मारायची तरी तोच. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, औषध वेळेवर मिळालं असतं तर? त्या म्हणाल्या, "छातीठोकपणे नाही सांगता येणार." कोणालाच सांगता येत नाही. म्हणून तर ते साहेब मोकळे आहेत. सगळ्यात जास्त जळतं ते हेच.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरून निरोप आला. रविवारी पाहुणे आहेत, पापलेट आणाल ना? निरोप आणणाऱ्याला मी पाणी दिलं आणि परत पाठवलं.

आता कोपरीत, मागच्या चाळींत कोणी असं कलंडलं की लोक मला बोलावतात. मी सोबत जाते. शिल्लक नाही म्हणाले तर हात जोडत नाही. फिल्म ठेवता ते कपाट उघडा म्हणते. खरंच रिकामं असेल तर एक शब्द न बोलता पेशंट उचलून दुसरीकडे धावू. पण बंद कपाटाकडे बोट दाखवून मला यापुढे कोणी परत पाठवायचं नाही. पोलीस बोलवायचे तर बोलवा. ते येईपर्यंत मी दारातच बसलेली असेन.