काळ्या फिल्मच्या आत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — माझ्या बारीकसारीक लबाड्या तिला सगळ्या ठाऊक आहेत, पण ही नाही. तुम्ही आम्हा दोघांनाही ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतोय असं समजा.

आधी गाडीबद्दल सांगू द्या. नाही, टाळत नाहीये. रस्ता गाडीतूनच जातो.

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत मी चेन्नईत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. वेलचेरीत भाड्याचा फ्लॅट. पहिली गाडी सेकंडहँड घेतली, तर तिचा डॅशबोर्ड उन्हाने तडकला आणि सीटचं रेक्झिन पापडासारखं फुटलं. म्हणून नवी पांढरी गाडी आली तेव्हा मी मनाशी ठरवलं, हिच्या बेज सीटांना काही होऊ द्यायचं नाही. चारही दारांना आणि मागच्या काचेला काळी फिल्म लावून घेतली — इतकी गडद, की बाहेरून बघणाऱ्याला फक्त स्वतःचं तोंड दिसावं. बायको म्हणायची, मला कधी एवढं जपलं नाहीस. तिचं काही चुकत नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर काका-काकू राहायचे. तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात गेलेल्या. काका निवृत्त शिक्षक. आम्ही नाशिकचे, पण त्यांच्या लेखी आम्ही ‘आमचे माणूस’. बायकोच्या बाळंतपणात काकूंनी रोज वरती गरम रसम पाठवलं. नव्या गाडीची पूजा काकांनी केली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि डॅशबोर्डवर एक इवलासा पितळी गणपती स्वतःच्या हाताने चिकटवला.

आणि तेल. हसू नका. काका डोक्याला खोबरेल तेल अक्षरशः थापायचे. गाडीत बसले, की डोकं मागे टेकून डोळे मिटायचे, आणि उतरले, की हेडरेस्टवर गोल डाग. गाडी उन्हात उभी राहिली, की तो डाग पक्का बसायचा. मग मी पार्किंगमध्ये शाम्पू घेऊन घासत बसायचो. तोंडाने मात्र कधी अवाक्षर काढलं नाही — सभ्य माणूस ना मी! काकांच्या स्वयंपाकघराची खिडकी पार्किंगकडेच उघडते, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मे महिना होता. तिकडे त्या दिवसांना ‘कत्तिरी’ म्हणतात. शहाणा माणूस तेव्हा दुपारी घराबाहेर पडत नाही. मी त्या दिवशी लवकर सुटून घरी निघालो होतो. आदल्याच दिवशी सीटा धुऊन घेतल्या होत्या. वेलचेरीच्या सिग्नलला थांबलो, आणि डावीकडच्या बसस्टॉपवर काका दिसले. हातात काकूंच्या डोळ्यांच्या औषधाची पिशवी, डोक्यावर ऊन, शेअर ऑटो भरभरून पुढे जाणारे. त्यांनी गाडी पाहिली. चेहरा उजळला — तो मी पाहिला, खोटं कशाला सांगू?

ते फूटपाथवरून उतरून आले. खिडकीशी वाकले. काचेत त्यांना त्यांचंच तोंड दिसत असणार. बोटाने टकटक केलं. आत एसी चालू होता, आणि मी — मी काय केलं? काहीच नाही. श्वास रोखून बसलो. मनात काय होतं, सांगू? तेल. केसांतून कानामागे ओघळलेलं तेल दिसत होतं, आणि मी विचार करत होतो, कालच धुतल्यात. त्यांनी पुन्हा टकटक केलं. मग दोन पावलं पुढे, बॉनेटपर्यंत आले. मी मान खाली घालून मोबाइल बघायला लागलो. सिग्नल सुटला. मी गेलो.

तासाभरात काकूंचा फोन आला. काका स्टॉपवरच कोसळले होते.

मी धावत हॉस्पिटलमध्ये गेलो. डॉक्टरांशी बोललो, औषधं आणली, काकूंना धीर दिला. काकू सगळ्यांना सांगत होत्या, हा मुलगा होता म्हणून निभावलं. काकांना घेऊन आलेला एक फळवाला तिथेच होता. तो म्हणाला, पेरियवर, म्हणजे हे म्हातारबुवा, एका पांढऱ्या गाडीकडे गेले होते, काचही वाजवली, पण गाडीवाला थांबला नाही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं — संशयाने नव्हे, नुसतंच, पांढरी गाडी म्हणून. तेवढ्यात कॉटवरून काका बोलले.

“ती यांची गाडी नव्हे. दुसऱ्या कोणाची की.”

मला हायसं वाटलं. हो, वाटलं. फिल्म कामाला आली, असंही वाटलं. घरी येऊन गाडी लावली, उतरलो, सहज समोरून पाहिलं — आणि जागीच थांबलो. पुढच्या काचेला फिल्म नव्हती. कशी असणार? तिच्यातून तर मी रस्ता बघत होतो. पितळी गणपती लख्ख दिसत होता, त्याच्यामागे माझी सीट, सगळं. आणि काका बॉनेटपर्यंत आले होते.

त्या झटक्यानंतर काकांचा डावा पाय ओढतच राहिला. वर्षभरात ते गेले. पुढे मी गाडी विकली तेव्हा घेणारा म्हणाला, आतून अगदी नवी आहे. अजूनही कुठे सिग्नलला थांबलो, की डावीकडच्या काचेकडे माझं लक्ष जातं. कुणी वाजवत नाही.

पण एक राहिलं. काकांना हॉस्पिटलमधून मीच घरी आणलं. काकू मागे बसल्या. मी काकांना पुढच्या सीटवर बसवायला लागलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. खांद्यावरचं अंगवस्त्र काढलं, नीट घडी केली, हेडरेस्टवर ती चारी बाजूंनी सारखी केली. मगच बसले. काकूंनी विचारलं, हे कशाला?

“तेल असते की डोक्याला,” काका म्हणाले. आणि घर येईपर्यंत त्यांनी डोकं मागे टेकलं नाही.