अंगावर साखर, तोंडी बहिष्कार

लग्न होऊन लेस्टरला आले आणि चार महिन्यांत घरात बसून माझं डोकं फिरायची वेळ आली. इतिहासात एम.ए. केलेली मी, सासूबाईंकडून डिशवॉशर लावायला शिकत होते. अशात लायब्ररीत एक पाटी दिसली. गुलामांच्या व्यापारावर ब्रिटनने बंदी घातली त्याला दोनशे वर्षं होत होती, त्यानिमित्त गावात गाइडेड वॉक निघणार होते आणि दर शनिवारी माहिती सांगायला माणूस हवं होतं. पगारी. मी उड्या मारत नाव दिलं. निवडीआधी एका हॉलमध्ये लोकांसमोर थोडं बोलून दाखवायचं होतं.

विषयही मिळाला फक्कड. व्यापार थांबला तरी कॅरिबियन बेटांवर गुलामी चालूच होती, तेव्हा लेस्टरच्या बायका घरोघर हिंडल्या आणि गुलामांकडून पिकवून घेतलेली साखर घेऊ नका म्हणून सांगत सुटल्या. मला त्या बायका भयंकर आवडल्या. आठवडाभर त्यांच्याबद्दल बोलून बोलून मी नवऱ्याचे कान किटवले.

बोलायचा दिवस नेमका आला तो माझ्या पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. सासूबाईंनी डिसेंबरपासून मंद आचेवर पाक घालत, बोटं पोळून घेत, काटेरी हलवा केला होता. काळी साडी नेसवून त्यांनी मला हलव्याचा हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, सगळं चढवलं. फोटो होईपर्यंत निघायची वेळ टळून गेली.

“अहो आई, हे काढते ना मी.”

“हात लावून बघ. वॉटफर्डचे पाहुणे संध्याकाळी यायचेत. वरून कोट घाल, कोण बघतंय?” म्हणाल्या आणि तिळगुळाचा डबा घेऊन स्वतःही गाडीत बसल्या. नवऱ्याने गाडी अशी हाणली की बोलायची सोय नव्हती.

हॉलमधलं हीटिंग फुल होतं. निवड करणाऱ्या बाई रिटायर्ड नर्स, जन्म कॅरिबियन बेटावरचा, नजर अशी की पेशंट उठून बसावा. “कोट काढ, डिअर, शिजशील.” काढला. लोकांना वाटलं मोतीच आहेत. कौतुकाने मला असा चेव चढला की विचारू नका. साखर टाका, साखर सोडा म्हणत मी हातवारे करत सुटले आणि बांगडीचा एक दाणा तुटून पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या मांडीवर पडला.

“खरे मोती का?” त्यांनी विचारलं.

“साखर,” मी म्हणाले. दुसरं काय सांगणार, कपाळ?

हॉल असा हसला की माझंही हसू आवरेना. त्यात सासूबाई उठल्या आणि “होममेड, होममेड,” करत रांगेरांगेतून तिळगूळ वाटू लागल्या. नवरा दाराशी उभा राहून माझ्याशी ओळख नसल्यासारखं करत होता. इतकी मजा मला लेस्टरला आल्यापासून आली नव्हती.

नर्सबाई तेवढ्या हसल्या नाहीत. आजोबांकडून तो दाणा घेऊन त्यांनी तोंडात टाकला, सावकाश विरघळू दिला.

“साखर सोडणाऱ्या बायका तू छान उभ्या केल्यास,” त्या म्हणाल्या. “ऊस तोडणारी मात्र एकही आली नाही. माझ्या पणजीची आजी त्या उसात होती.”

मी कोल्हापूरकडची, साखर कारखान्याच्या गावात वाढलेली. पाठीशी पोर बांधून ऊसतोडीला निघालेल्या बायका दरवर्षी आमच्या दारावरून जायच्या. नोकरी गेली हे मी धरूनच चालले आणि कोट उचलला.

“शनिवारी दोनला ये,” त्या म्हणाल्या. “सुरुवात तिच्यापासून कर.”

मला इतका आनंद झाला की तिथेच पर्समधून पेन काढलं आणि त्या आजीचं नाव काय, म्हणून विचारलं.

“ते आमच्यात कुणालाच माहीत नाही,” त्या म्हणाल्या.